वडिलांची दाढी

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
प्रभूत सप्रेम सलाम, वि. वि.

हे पत्र वाचण्याआधी पाणी पिऊन घे. आपला बाप माझ्या घरी आहे. ज्या बाईसाठी तो आपल्याला सोडून गेला, ती वारली. आता झटका येऊन त्याचं उजवं अंग लुळं पडलंय, वाचाही गेली. इस्पितळातून निरोप आला की घेऊन जा. तू दारात उभं करणार नाहीस हे ठाऊक होतं, म्हणून मी आणला. चर्चच्या मंडळीतले सगळे म्हणाले, काय सोन्यासारखा मुलगा!

त्या सोन्याचा मुलामा कसा आहे ते फक्त तुला सांगतो. दिवसभर दुकानात मी परक्यांच्या गालांवर फुलासारखा हात ठेवतो. कुणाला वस्तरा जरासा लागला तरी जीव खालीवर होतो. बापाची दाढी करताना मात्र मुद्दाम गार पाणी घेतो, बोथट पातं घेतो. त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं, ओरडता येत नाही. आणि ताई, मला बरं वाटतं. त्याने आईचा कान फोडला तो दिवस आठवतो आणि मी पातं आणखी दाबतो.

रोज गुडघे टेकून शपथ घेतो की आज नाही. पाळकसाहेबांना आडून विचारलं, त्यांनी उपास सांगितला. उपासाने भूक लागली, भुकेने डोकं फिरलं, त्या दिवशी म्हाताऱ्याचे जास्तच हाल झाले. पापाशी कुस्ती खेळतो आणि रोज चीत होतो.

माझी किळस आली तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा,
भिंगरी

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पाणी प्यायले, पण उपयोग झाला नाही. तुझं पत्र धुलाईच्या दुकानात, इस्त्रीच्या टेबलाशी उभ्याउभ्याच वाचलं. गार पाण्यापाशी आले आणि मला हसू आलं. बरी जिरली, असं मनात म्हटलं. मग त्या हसण्याचीच भीती वाटली. तेवढ्यात कुणाचा तरी शर्ट करपला, मालकांची बोलणी खाल्ली. तेव्हा तुला उपदेश करायला मी काही धुतल्या तांदळासारखी नाही.

आईचं एक सांगते. तू तेव्हा लहान होतास. तो सोडून गेल्यावर एकदा तापाने फणफणल्याचा निरोप आला, आणि ही डबा घेऊन निघाली! मी तणतणले. एवढ्यात माफ केलंस का, असं विचारलं. ती म्हणाली की माफबिफ काही जमलेलं नाही, त्याचं तोंड पाहिलं की अजून कानात कळ येते. पण तिचा जीव प्रभूवर, आणि प्रभूचा जीव त्या मेल्यावरही, मग तिने करायचं काय? नवऱ्यावर जीव असला की खाष्ट सासूही सांभाळावी लागतेच ना, असं म्हणून स्वतःच हसली.

मी नव्हते हसले. मला ते तेव्हा पटलं नाही, आता पटतंय असंही नाही. पण तुझ्या पत्रभर तू आणि तुझं पाप एवढे दोघेच दिसले. प्रभू कुठेच नव्हता, म्हणून लिहिलं.

मला तिकडे बोलावू नकोस. भावजयीला आणि लेकीला आशीर्वाद.

रागावले तरी तुझीच,
ताई

२ मार्च

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मला रागच आला होता. म्हटलं, विचारलं काय आणि ही सांगते काय. गेल्या आठवड्यात मात्र घडू नये ते घडलं. वस्तरा घसरला, असं मी शेजाऱ्यांना सांगितलं. तो घसरला नव्हता. पांढऱ्या फेसात रक्त उतरलं. तुझी भावजय धावत आली. माझ्या हातातून वस्तरा काढून घेतला आणि लेकीला बाहेर नेलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

तसाच चर्चमध्ये गेलो. झाडलोट करणारी बाई फरशी पुसत होती, पाय वर घ्या म्हणाली. पाय वर घेऊन बसलो. क्षमा मागायला तोंड उघडेना. रोज मागून मागून ते शब्द गुळगुळीत झालेत. मग तुझं बोलणं आठवलं. खरंच की, इतके दिवस मी प्रभूपुढे नुसतं स्वतःचंच रडगाणं गात होतो, त्याच्याकडे पाहिलं कधी? लहानपणी घरात आदळआपट सुरू झाली की मी खाटेखाली शिरून त्यालाच बिलगायचो. दुसरं होतं कोण? तेवढंच म्हणालो की माझा तुझ्यावर जीव आहे, अजून आहे. आणि मनात आलं, प्रभूच्याही गालावर माणसांनी हात उगारला होता. या वेळी तो हात माझा होता.

मग जे रडू फुटलं ते लाजेचं नव्हतं. हरवलेलं पोर घरचं माणूस दिसल्यावर रडतं, तसं होतं. बाईने माझ्याभोवतीची फरशी तशीच सोडली आणि बादली घेऊन गेली.

घरी येऊन हिला खरं ते सांगितलं. वस्तरा मागितला नाही. आता दाढी ती करते, मी कोमट पाण्याचा तांब्या धरून उभा राहतो. राग येतोच. आला की त्याच्याशी झोंबत नाही, प्रभूला म्हणतो, हा तुझा माणूस, तुझ्यासाठी धरतोय तांब्या.

आईसारखी तूही मला सांभाळून घे.

भिंगरी

२० एप्रिल

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. जखम भरली का, एवढंच विचारलंस, कुणाची ते लिहिलं नाहीस. भरली.

आज हिने आपण होऊन वस्तरा माझ्या हातात दिला आणि दारात उभी राहिली. मी वाकलो तर बापाने डोळे घट्ट मिटले, मान खांद्यात ओढून घेतली. ताई, जिन्यावर त्याचा पाय वाजला की आपण दोघं अश्शीच व्हायचो. त्याला घाबरायला मी शिकवलं. या दिवसाची तर मी जन्मभर वाट पाहिली होती, आणि मला बरं वाटलं नाही. पहिल्यांदाच बरं वाटलं नाही.

वस्तरा खाली ठेवला. त्याच्या पायाशी बसून चुकलो म्हणालो. तो काय बोलणार? मग एक गाल, जखमेचा नव्हे तो, जरासा माझ्याकडे वळवला. तेवढ्याच गालाची दाढी केली. दुसऱ्याकडे हात नेताच पुन्हा डोळे मिटले, म्हणून फेस पुसून टाकला. अर्ध्या दाढीचा बाप आता खिडकीशी बसलाय. लेक त्याला पाहून खुसखुसतेय, आणि दुकानापाशी गिऱ्हाइकं खोळंबलीत.

ये म्हणत नाही, येऊ नकोस असंही म्हणत नाही. तुझ्या लोभावर माझा हक्क आहे, तो सोडणार नाही. त्या दुसऱ्या गालाचं उद्या पुन्हा विचारून बघतो.

तुझा,
भिंगरी