‘ओन्ली’ म्हणणारीनं चहा करायचा

प्रिय वनिता,

उद्या सकाळी मला भंडाऱ्याला जायचं आहे, दवाखान्यात. नंबर लावला आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही बघ. भाजी टाकली ती करपली. कपडे वाळत घातले ते ओलेच काढून आत आणले. शेवटी म्हटलं, जिच्यापाशी बोलायचं ती तर निघून गेली, निदान तिला लिहावं तरी!

माझ्या काखेजवळ गाठ आहे. दिवाळीत वाटाण्याएवढी होती, आता चांगली मोठी लागते हाताला. हे अजून कुणालाच सांगितलं नाही. काल हे वरठीच्या प्लांटमधून आले. मोटारसायकल लावता लावता विचारलं, “काहून वो, तोंड काहून उतरलं तुहं?” आणि मी काय म्हटलं माहीत आहे? “काही नाही, जराशी कणकण आहे.” विचारसुद्धा करावा लागला नाही, आपोआप निघालं तोंडातून. भंडाऱ्याला कुणाच्या तरी लग्नाचं लुगडं घ्यायला जाते, असंही वर सांगून टाकलं.

तुझी आठवण आली ती तिथंच.

आठवतो आपला इंग्लिश स्पीकिंगचा क्लास? बुद्धविहाराच्या हॉलमध्ये, दुपारची जेवणं आटोपली की सगळ्या सतरंजीवर. मिसनी पहिल्या दिवशी सांगितलं, एकेकीनं उभं राहून स्वतःबद्दल बोला. काय बोललो आपण! “आय अ‍ॅम ओन्ली हाउसवाइफ.” दुसरी तेच, तिसरी तेच. अंगणवाडी सांभाळणारीसुद्धा म्हणाली, “स्मॉल जॉब, मॅडम.” माझी पाळी आली तर मी आधी “सॉरी” म्हटलं. अजून काही बोललेच नव्हते, तरी सॉरी!

तू उठलीस. केसांना पीठ, पदराला पीठ. “माय नेम इज वनिता. आय रन चक्की,” म्हणालीस आणि मग आमच्याकडे वळलीस. “तुमी साऱ्याजणी ओन्ली काहून म्हणून राहिल्या वो? घरचं सारं का शेजारीण येऊन करून जाते?” मिस इतक्या हसल्या की त्यांचा खडू पडला. त्याच दिवशी तू कायदा काढलास, ‘ओन्ली’ म्हणणारीनं क्लास सुटल्यावर सगळ्यांचा चहा करायचा. सर्वांत जास्त चहा मीच केला असेन. तू माझ्या मागे उभी राहून साखर कमी पडली म्हणून ओरडायचीस, तेही मराठीत.

पण वनिता, एक गोष्ट मला तेव्हाच दिसायला हवी होती, ती आता दिसते. मराठीत तू कुणाच्या बापाचं ऐकत नव्हतीस. दळणात खडे निघाले तर गिऱ्हाइकाला चक्कीवरून खाली उतरून बोलायचीस. इंग्रजीत मात्र तुझा आवाजच बारीक व्हायचा. मान वाकडी, ओठांवर हसू, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी प्लीज, नंतर थँक्यू. आपल्याला इंग्रजीत भांडायला कुणी शिकवलंच नाही. दुखतं म्हणायलाही नाही. चांगल्या घरच्या, कमी बोलणाऱ्या, कुणाला त्रास न देणाऱ्या बाया व्हायला तेवढं शिकलो. आणि त्या बाया आपल्याला आवडायलाही लागल्या, नाही का?

तो दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. तू दवाखान्यातून परस्पर चक्कीवर आलीस आणि मला फोन करून बोलावून घेतलंस. पट्टा सुरू होता, तू त्याच्या आवाजावर ओरडून सांगत होतीस. “शोभा, आज मी डाक्टरशी पुरी इंग्लिशमधी बोलली! सिस्टरनं मले बसाले खुर्ची देली!”

“काय म्हटलं?” मी विचारलं.

“म्हटलं, सॉरी सर, टेकिंग युअर टाइम. ओन्ली लिटल पेन. ओन्ली गॅस. नो प्रॉब्लेम.”

मी टाळ्या वाजवल्या, वनिता. आणि मग मला सापडलं! “ओन्ली म्हटली तू! एकदा नाही, दोनदा! चल, चहा कर!” तू डोक्याला हात लावलास. दोघी पोट धरधरून हसलो. तू चक्की बंद करून उठलीस, चहा ठेवलास, आणि उकळेपर्यंत एक हात पोटाच्या उजव्या बाजूला दाबून उभी होतीस. मला वाटलं, हसून दुखत असेल.

डॉक्टरनं गॅसच्या गोळ्या दिल्या. दुसरं काय देणार तो? पेशंटच चांगल्या इंग्रजीत सांगून राहिली, नो प्रॉब्लेम! नागपूरला नेईपर्यंत खूप उशीर झाला होता. धानाच्या रोवणीचे दिवस होते. बांध्यांमध्ये बाया वाकलेल्या, आणि तुझी शववाहिका त्यांच्यामधून घराकडे येत होती.

मला तुझा राग येतो ग! आम्हाला सतरंजीवरून उठवणारी तू, तुला त्या खुर्चीवर काय झालं? कुणाचा वेळ वाचवत होतीस? एकदा मराठीत ओरडली असतीस, “मले झोप येत नाही दुखण्यानं,” तर काय बिघडलं असतं? खुर्ची काढून घेतली असती का सिस्टरनं?

परवा दळण घेऊन गेले होते. तुझी सून चक्की चालवते आता, डब्यांची रांग दारापर्यंत. तिचा कुणा मैत्रिणीशी फोन चालला होता. “नो यार, नॉट वर्किंग. आय अ‍ॅम जस्ट अ‍ॅट होम.” एका हातानं फोन, दुसऱ्या हातानं पट्टा चढवत होती. माझ्या अंगावर काटा आला. मी तिथंच म्हटलं, “ए बाई, चहा कर.” ती बघतच राहिली. मग बसवून तिला सगळं सांगितलं, तुझा कायदासुद्धा. तिचे डोळे भरले. चहा झाल्यावर तिनं विचारलं, “मावशी, तुमची तब्येत बरी आहे नं? हात काहून तसा धरून राहिल्या?” मी म्हटलं, “काही नाही ग.”

तिच्या तोंडावर म्हटलं! तुझी गोष्ट सांगून झाली न झाली, तोवर!

घरी येऊन त्याच संध्याकाळी नंबर लावला. डॉक्टरला काय सांगायचं ते आज दुपारपासून आरशापुढे घोकते आहे. सॉरी तर इतक्यांदा आलं की आरशालाच कंटाळा आला असेल. आणि खरं सांगू, मला फार भीती वाटते. हे आत्ता पहिल्यांदा कुठं तरी लिहिलं.

म्हणून तुला शब्द देते. आज हे आले की चहाच्या आधी त्यांना सांगेन, लुगड्याचं खोटं होतं, माझ्याबरोबर चला. तुझ्या सुनेलाही फोन करेन. उद्या डॉक्टरसमोर मी आपल्या बोलीत बोलेन, “मले गाठ आहे. वाढून राहिली. मले भेव लागते.” त्यांनी इंग्रजीत विचारलं तर इंग्रजीतही एवढंच सांगेन, कमी नाही. आणि सवयीनं ‘ओन्ली’ निघालंच तोंडातून, तर बाई, या वेळी मी चहा करायला उठणार नाही. त्याच खुर्चीवर बसून पुन्हा पहिल्यापासून सांगेन.

तुझी,
शोभा