पांढरा रुमाल

५ जून
पोचले एकदाची! सरहद्दीवरचं हे गाव म्हणजे गंमतच आहे. इथं पावाचं दुकान शोधावं लागतं, पण दातांचा डॉक्टर दर दाराआड एक. पलीकडचे गोरे सकाळी रांगेनं येतात आणि दुपारी गाल सुजवून परत जातात. माझं काम त्यांना फोन करायचं: थुंकू नका, नळीनं पिऊ नका, गरम खाऊ नका, फार बोलू नका, उंच उशीवर झोपा, आणि पहिल्या दिवशी कुणीतरी सोबत असू द्या. बडबड्या ऑर्तेन्सियाला बोलायचा पगार! आई असती तर हसून लोळली असती.

घरमालकीण क्लेओफासबाई तोंडानं तिखट, पण आल्या आल्या बीन्सचा वाडगा पुढं ठेवला. म्हणाली, "खा पोरी, वाऱ्यानं उडशील." मागची खोली माझी. खिडकीतून गल्ली दिसते. तोमासा नावाची बाई रोज दुपारी जेली विकत जाते. आज तिनं मला "ए चिमणे" म्हणून हाक मारली आणि मी लगेच दोन पेले घेतले.

९ जून
अक्कलदाढ ठणकतेय. डॉक्टर म्हणाले, सोमवारी काढू, कर्मचाऱ्यांना फुकट. मी खूश. मग आठवलं, पहिल्या दिवशी सोबत कोण असणार? दिवसभर सगळ्यांना हेच सांगते आणि माझ्याकडेच कुणी नाही. संध्याकाळी उगाच रडू आलं.

१२ जून
दाढ निघाली. टाके पडलेत. बोळा चावून बसलेय, तोंडात लोखंडाची चव. बर्फ कापडात गुंडाळून गालाला लावला आणि वरून आईचा पांढरा रुमाल हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारली.

क्लेओफासबाईनं पाहिलं आणि तिच्या हातातला पेला खाली पडला. म्हणाली, "अगं बये, काढ ते! पांढरा फक्त मेलेल्याला बांधतात, तोंड उघडं राहू नये म्हणून. जित्याला रंगीत. हा घे माझा लाल." लाल रुमालाला लसणाचा वास येत होता. शिवाय आमच्या डोंगरातल्या गावी रंग कोण बघतो? मी मान हलवून नाही म्हटलं. मग ती अगदी जवळ आली आणि तिनं माझं नाव घेऊन हाक मारली. म्हणाली, "तोंडानं ओ दे. एकदाच दे. ओ दिली की चूक फिटते. नाही दिलीस तर घर तुला मेलेली धरतं." मी ओठांवर बोट ठेवलं. टाके ताजे आहेत, बोलायचं नाही, हे मीच तर सगळ्यांना सांगते. बाई छातीवर क्रूसाची खूण करत निघून गेली. आज लेकीकडे राहणार आहे म्हणे.

दुपारी बर्फ संभाळत, छातीवर हात ठेवून झोपले. जाग आली तेव्हा खुर्ची पलंगाला लागून होती आणि बैठक अजून उबदार होती. कुणीतरी माझ्यापाशी बसलं होतं. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

१३ जून
क्लेओफासबाई अजून आलेली नाही. मग खुर्चीत कोण होतं? पलंगाखाली फरशीवर चुन्याचा क्रूस काढलाय. आमच्याकडेही काढतात, मेलेल्याच्या खोलीत. नऊ दिवसांचा जप संपला की तो चुना उचलतात, आणि मग मेलेल्यानं घरात राहायचं नसतं.

रुमाल सोडला आणि कोपऱ्यात फेकला. झोपून उठले तर बांधलेला. गाठ माझी नाही.

तोमासा खिडकीवरून गेली. मी काच वाजवली. रोज चिमणे चिमणे करणारी, आज नजर माझ्यातून आरपार.

१४ जून
दवाखान्यात गेले. कुणी मान वर केली नाही. माझ्या खुर्चीत दुसरी मुलगी बसलीय. फोनवर सांगत होती, सोबत कुणीतरी असू द्या.

दुखत नाहीये. अजिबात नाही. जीभ खड्ड्याला लावली — थंडगार.

तारीख कुठली?
रोज दुपारी बाया येतात. माझ्या खोलीत जपमाळ. मधेमधे माझं नाव. क्लेओफासबाई रडत होती, म्हणे, सांगितलं होतं गं, लाल घे म्हणून, एकदा ओ दे म्हणून. तोमासा म्हणाली, इतकी बोलकी पोर, आणि शेवटी जवळ कुणीच नव्हतं.

मी होते ना. मी तिथेच —

जबडा उघडत नाही. गाठ मागच्यापेक्षा घट्ट.

आज
चुना उचलतायत. उभी रेघ गेली. क्लेओफासबाई दार उघडं धरून उभी, मला जायला. खुर्चीतलं कुणीतरी उठलं. माझा हात धरलाय. ऊब —

नको. मला इथंच —

तोमासा मागं वळली. एकटीच. जेलीचा पेला खिडकीत ठेवला. आणि हाक मारली. माझं नाव. रडत, पण हाकच ती —

ओ. ओ. लिहितेय, तोमासा, बघ ना, इकडे, गाठ सुटत नाहीये, सुटली की तोंडानं म्हणते, थांब, जाऊ नकोस, एवढी एक —