कागद अपुरे

दादा,

काल फोनवर तू टेक्सासच्या गोऱ्या बँकवाल्यांना शिव्या देत होतास. मारिसोलवहिनीच्या आईचं मेक्सिकन आडनाव बघूनच त्यांनी तिला घराचं कर्ज नाकारलं, म्हणालास. आमच्या ऑफिसात तिथल्या बँकांचेच कर्जाचे अर्ज तपासतात, तुला माहीत आहे.

आज ऑफिसात शोधलं. तो अर्ज इथे ऐरोलीत माझ्याच स्क्रीनवर आला होता. वहिनीच्या आईने वीस वर्षं टॅक्स भरलाय, फक्त राहायच्या परवान्याचा कागद नाही. दिवसाला शंभर अर्जांचं टार्गेट. मी नाव न वाचताच 'कागद अपुरे' दाबलं.

दिघ्यातली आपली खोली बेकायदा म्हणून तोडली, तेव्हा आई लाइटबिलांची पिशवी घेऊन साहेबासमोर उभी होती. त्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही, हे तू अजून विसरला नाहीस.

मीही नाही बघितलं, दादा.

तुझी,
मैत्री