तुळजारामकाकाचा फ्रीज आपल्या घरात

पीण्या, बेंगळूर

तरी मी फोनवर ओरडून सांगत होतो अण्णा, आधी नीट इचार ती बाई कशाला आलीय. तू कट केलास, अजूनबी कट करायलास, म्हणून आता कागदावर भांडायलोय. (रागात नमस्कार राहिला, तो घे. मायच्या पायाला माझ्यावतीनं हात लाव. तुझा गुडघा कसा हाय? माझी तब्येत ठीक, पँट तेवढी ढिली झालीय.)

गुलबर्ग्याहून विजयश्री मॅडम आपल्या संतपूरला येतेत, कोरोनात कुणाच्या घरी किती हाल झाले ते लिहून घ्यायला न्‌ गरजूला धान्य द्यायला. इचारतेत, शेत किती, जनावरं किती, पोरगा कमावतो किती, पितो का. आणि तू न्‌ माय मिळून ठरवता की हे तर पोरीकडचेच इचारतेत, म्हंजे माझ्या लग्नाची चौकशी आलीय! माय म्हणाली म्हणं, "पोरीकडचे कवा सरळ सांगतेत का?" मॅडमला ‘दुपारी या’ म्हणून धाडलात, आणि तवर शेजारच्या तुळजारामकाकाचा फ्रीज, सोफा न्‌ म्हैस आपल्या घरात. (म्हैस सोफ्यावरून दिसंल अशी बांधलीस म्हणं.) वैनीनं शिरा केला, तूपबी काकाचंच. आणि मला सांगितलात सुपरवायझर! खोक्याच्या कारखान्याला लॉकडाऊनपासून कुलूप हाय. मी कुणावर सुपरवायझर, कुलपावर?

वर माझा नंबर कामून दिलास? मला म्हणालास, पोरीकडून फोन येईल, ऐटीत बोल. मॅडमनं इचारलं, गेल्या आठवड्यात कवा उपाशी राहावं लागलं का? मी म्हणालो, दोन्ही टाइम बिर्याणी मॅडम, जबडा दुखायलाय. हे मी फुकट खिचडीच्या लाइनीत उभा राहून बोललो. माझ्या मागचा माणूस लाइन सोडून बिर्याणी हुडकाय गेला, अजून आला न्हाई.

काल काकाचा फोन आला. मॅडम त्याच दिवशी त्याच्याकडंबी गेल्या. रिकामी दावण, रिकामी भिंत, आणि काका भुईवर, कारण बसायचं सगळं आपल्याकडं. खरं सांगितलं तर माझं लगीन मोडंल म्हणून बिचारा गप बसला. (माणूस चांगला, त्याच्यावर राग न्हाई.) त्याला तांदूळ, तूरडाळ, तेल मिळालं. डाळ तो परत नेलेल्या फ्रीजमध्ये ठेवायलाय म्हणं. आणि वैनी पीठ मोजून मळायल्यात, तरी आपल्या घराला ‘कोरोनाची झळ न्हाई’ अशी नोंद.

पुढच्या सोमवारी मॅडम परत येणार हायत. लाज गुंडाळून ठेव आणि सगळं खरं सांग. मायच्या ताटात डाळ पडली पाहिजे, बाकी मला काही नको.

तुझा भाऊ,
हरिओम

ता.क. खरं सांग, पण बिर्याणीचं तेवढं खोडू नको. इतक्या दिवसांत जेवलास का म्हणून इचारणारी ती एकटीच. तिला तरी बरं वाटू दे.

आणखी ता.क. मॅडमचं स्वतःचं लगीन झालंय का, मायला सहज इचाराय सांग. शेत मात्र आपलं हाय तेवढंच सांगायचं. पैसे पाठवायलोय, रुपये दोनशे चाळीस.