चार्जिंगवर जुळलेली सोयरीक

अदिस अबाबा

शिफेरॉदादा,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वाकून नमस्कार. डावा अजून ठणकतो का? वहिनींची तब्येत कशी आहे? पत्र लांबणार आहे, बसून वाच. (शेवट आधी वाचायची तुझी खोड आज आवर.)

आपल्या बिरुकसाठी मेकलितला मागणी घालायला मी आणि चर्चचे धर्मगुरू अब्बा बिशोफ्तूला गेलो. "ते विजेचं खेळणं नेऊ नकोस, वाटेत बंद पडलं तर माझ्या पोराचं लग्न बोंबलेल!" असं तू फोनवर ओरडला होतास. नेलंच मी! काय गाडी आहे रे, दादा! तुझ्या गाडीत पाच लिटर पेट्रोल ओतलं तर जेमतेम एक-दीड लिटर चाकांच्या कामी येतं, बाकीच्यावर बॉनेट तापतं. माझी गाडी खाल्लेल्या विजेला जागते. वर महिनाभराची वीज तुझ्या एका टाकीपेक्षा स्वस्त. बिशोफ्तूच्या उताराला तर वेग आवरला की वीज परत बॅटरीत! (अब्बांनी चक्क क्रूसाची खूण केली.) तू पंपाच्या रांगेत ताटकळतोस, तेव्हा मी घरी प्लग लावून घोरत असतो.

मुलीचे वडील गिझाव रीतीचे पक्के. पहिल्या फेरीत होकार दिला तर लोक म्हणतात, मुलगी जड झाली होती. म्हणून ते म्हणाले, "बघू. पुढच्या महिन्यात या." एरवी मी आलोही असतो, पण कॅनडाचं एक स्थळ त्याच आठवड्यात यायचं होतं. महिना गेला की पोरगी गेली! मी हात जोडले. "येतो हो. पण परतीचा चढ आहे, बॅटरी पुरायची नाही. चार तास प्लग मिळेल का?" दारातल्या माणसाला नाही कसं म्हणणार? त्यांच्या विधवा बहिणीने, वर्कनेशबाईंनी, कॉफी भाजायला घेतली. पहिल्या कपाला गिझाव नुसतं पावसापाण्याचं बोलले. दुसऱ्याला त्यांनी बिरुकची नोकरी विचारली. तिसरा, निरोपाआधीचा आशीर्वादाचा कप हातात आला तेव्हा ते वैतागून म्हणाले, "अहो, सोयरे केल्याशिवाय तुम्ही काही उठायचे नाहीत. दिली मुलगी!" त्यांनी शब्द फिरवू नये म्हणून अब्बांनी तत्काळ प्रार्थना सुरू केली. मला तर रडूच आलं, दादा.

तुझा,
देमेके

ता. क. बॅटरी सत्तर टक्के भरलेली होती. अब्बांना सांगू नकोस.

आणखी एक. वर्कनेशबाईंची कॉफी अजून जिभेवर आहे. सहा वर्षं झाली, मी एकटाच जेवतोय. माझ्यासाठी त्यांना मागणी घालायला तूच जा. फक्त तुझी गाडी नेऊ नकोस. पेट्रोलची टाकी भरलेली असली तर गिझाव दारातूनच परत पाठवतील. माझी ने. किल्ली पत्रासोबत आहे.