पाळीखालचे तेल

प्रिय मोतीलाल,

शाळेमागच्या तेलघाण्याची कुरकुर अजून माझ्या कानात आहे. तिच्या तालावर आपण वर्गात कविता म्हणायचो, आणि बैल थांबला की आपलीही ओळ अडायची. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींना नमस्कार सांग. (मोबाइलवर तुला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.)

इकडे एक तेलप्रकरण झाले. गावतलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी, पाणी झिरपते, तिथे मी सकाळी बसतो. मागे एकदा त्या पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसला. भोवती बेडूक, पाणकिडे, एक ढोकरी बगळा, सगळे आपापल्या कामात. मला कविता सुचली (तिसऱ्या ओळीपर्यंत बरी होती). धरणीमाय तेल पाझरते, असा काहीसा भाव. चहाच्या टपरीवर ती म्हणून दाखवली. टपरीवाल्या हेमराजने यमके सोडली, तेल तेवढे धरले आणि तवंगाचा व्हिडिओ जिल्हाभर पाठवला.

तेव्हापासून त्या तलावात मासे धरणाऱ्या बायाबाईची टोपली शहापूरच्या बाजारातून भरलेलीच परत येते. माशांना रॉकेलचा वास येतो म्हणे.

मी नातीला, तृप्तीला फोन केला. ती नागपुरात विज्ञान शिकते. म्हणाली, काडी फिरवून पाहा. तेल असेल तर तवंग पुन्हा जुळेल, पापडासारखा तुटला तर ते पाण्यातल्या लोखंडावर जगणारे जिवाणू. मी काठी फिरवली. तुटला. म्हणजे इतके दिवस मी कोणाच्या तरी घरावर कविता करत होतो. हे टपरीवर सांगितले, तर हेमराज म्हणाला, कंपनीवाल्यायनं बुढ्याले गप्प केलं. (कोणती कंपनी, ते त्यालाही ठाऊक नाही.)

काल बायाबाई अंगणात आली. आवाज चढवला नाही.

"बाबूलालभाऊ, कविता तुमची, मासे माहे. बजारात सगळ्यायसमोर आता तुमीच मासा खाऊन दाखवा. मंग लोकं घेतीन."

मी जन्मात मासा खाल्लेला नाही. तिचे चुकले, असेही म्हणता येत नाही.

तुझा
बाबूलाल

ता. क. तुला मासे फार आवडतात. येत्या बाजाराला येऊन माझ्याऐवजी तू खा. पत्र एवढ्यासाठीच.

पुन्हा ता. क. दार वाजले. बायाबाई असेल म्हणून आधी खिडकीतून पाहिले. तूच आहेस, हातात रिकामा डबा घेऊन, आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असे विचारतो आहेस, "बाबूल्या, तेल कुठी हाय बे?" थांब, दार उघडतो. डबा मोठा आणलास, बरे केलेस. मासे पुष्कळ आहेत.