निशिगंधाची चढती रेघ

६ मे १९७९
पुण्याच्या फूलबाजारातून परत. निशिगंधाच्या दांड्या डझनाला तीन रुपये. गेल्या मेमध्ये दीड. ग्राफ पेपरवर रेघ मारली. पुढच्या मेमध्ये सहा. रेघ खोटं बोलत नाही. ग्राफ मला कुणी शिकवला नाही. तरी कंपनीतले इन्स्पेक्शनवाले मलाच विचारतात.

९ मे
मेहुणा ज्ञानदेव चऱ्होलीची अर्धा एकर जमीन वर्षभर द्यायला तयार. तिथे तो कांदा काढतो. फुलं परवडली तर जमीन माझ्याकडे कायम, नाहीतर पुन्हा कांदा. परवडणारच. मग कंपनीला शेवटचा जय भीम. अठरा वर्षं शिफ्ट पुरे झाली.

१३ मे
अडत्या धोंडीबाचा न मागता सल्ला. "कोंडीरामभाऊ, ही गर्दी सिंहस्थाआधी लग्नं उरकायची हाय. पुढं वरीसभर कुणी लग्न काढनार न्हाई. फुलं घालनार कुनाला?" मी ऐकवलं, सिंहस्थ नाशकात, माझा माल पुण्यात. शिवाय छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात पंचांग नाही.
तो म्हणाला, "तुमच्या नसंल. गिऱ्हाइकाच्या हाय ना."
अडाणी माणसाशी वाद घालू नये.

२० मे
कंद लावले. दोन कंदांतलं अंतर पट्टीने मोजून. बायको सरू म्हणाली, कांद्याला एवढं कुणी करत नाही. म्हणूनच ती मंडळी कांद्यातच राहिली.

१ ऑक्टोबर
दसरा. दर बरा, रेघेच्या किंचित खाली. दांड्यांची जाडी व्हर्नियरने तपासली. एकसारखी. बाजारात कुणी विचारलं नाही.

४ नोव्हेंबर
तुळशीची लग्नं लागली. आता माणसांची. राजीनाम्याचा मसुदा तयार.

२५ नोव्हेंबर
माणसांची अजून नाहीत.

१६ डिसेंबर
डझनाला बारा आणे. तेही देवळांपुरते. राजीनामा तूर्त लांबणीवर, भाषा सुधारायची आहे.

६ जानेवारी १९८०
कांदा भलताच महागला. सरूने पोह्यांत घालणं सोडलं. ज्ञानदेव जेवायला होता. कांद्याचा विषय कुणी काढला नाही. सगळे फुलदाणीकडे बघत जेवले. घरात सध्या अकरा फुलदाण्या, पैकी आठ डालड्याचे डबे.

२० जानेवारी
उपाय सापडला! आपल्या समाजात सिंहस्थ नाही. दापोडीतल्या आपल्या सगळ्या लग्नांना माझाच माल. हे धोंडीबाला सुचलं नसतं.

२४ फेब्रुवारी
तीन लग्नं झाली. तिन्ही घरांनी "भावा, आपलंच कार्य" म्हणून फुलं नेली. पैसे मागणं शोभलं नसतं. प्रसिद्धी मात्र झाली.

९ मार्च
आमच्या लेकीचं, कस्तुराचं, लग्न जमलं. मुलगा देहूरोडला, ऑर्डनन्समध्ये. तारीख अकरा मे. मंडप सगळा पांढरा करणार. वऱ्हाडी बघतील, ऑर्डरी देतील. एका लग्नात वर्षाचं नुकसान भरून निघेल.

१६ मार्च
मुलाची आई कौशल्याबाई येऊन गेली. लग्न सिंहस्थानंतर करू म्हणाली. मी विचारलं, तुम्ही मानता? "आमी न्हाई मानत. पन शेजारी मानत्यात." सरूकडे पाहिलं. ती म्हणाली, "आपुन तरी कुटं मानतो? पन पोरीच्या बाबतीत कशाला उगाच."
मी तत्त्व सोडलं नाही. फक्त तारीख पुढे ढकलली.

१८ मे
वर्ष भरलं. ज्ञानदेवला समजावलं की निशिगंध दुसऱ्या वर्षीच खरा बहरतो, पुस्तकात आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दाजी, कांदा." दुपारपर्यंत कंद बांधावर. शेळ्यांनीही तोंड लावलं नाही.

६ डिसेंबर
सिंहस्थ सरला. वर्षभराची तुंबलेली लग्नं एकदम सुटली आहेत. कस्तुराचं उद्या. हार निशिगंधाचेच हवेत, असं मी सर्वांना सांगून ठेवलं आहे.

७ डिसेंबर, पहाटे
फूलबाजार. डझनाला आठ रुपये. माझा अंदाज सहाचा होता, म्हणजे दिशा बरोबर होती. हे धोंडीबाला सांगितलं. तो म्हणाला, माल कालच बोलला गेला, आठ देऊनही मिळायचा नाही. मग पोरीचं लग्न म्हणून स्वतःच झेंडू निवडून दिला. पैसे घेईना. म्हणाला, "आपलंच कार्य."

रात्री
लग्न पार पडलं. हार पिवळे. सरू म्हणाली, शोभून दिसले. ज्ञानदेवने जेवणाचा सगळा कांदा दिला, चऱ्होलीचा.
आजचा दर ग्राफवर मांडायला घेतला. कागद वर संपला.
उद्या फर्स्ट शिफ्ट.